‘एवढं तर दुखतंच!’ : पाळीकडे बघण्याची नजर आणि पाळीचा अनुभव

गणपतीला आठ-दहा दिवस उरले की मुंबईतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. शेजारी पुरुष उभा असेल तर त्याचं होईपर्यंत ती थांबते आणि मग खालच्या आवाजात म्हणते, “ती पुढे ढकलायची गोळी द्या ना.” काय पुढे ढकलायचं, हे ती सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. पाकीट कागदात गुंडाळलं जातं, वर काळी पिशवी.

त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. नेहमीचा डोस 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. सुरुवात उशिरा झाली किंवा मधला डोस राहिला, तर ऐन गौरीच्या जेवणाच्या दिवशी डाग दिसतो. रक्तात गुठळी होण्याचा त्रास पूर्वी झालेला असेल, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकत असेल, तर ही गोळी धोक्याची ठरू शकते. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि काउंटरवर नेमकं तेच होत नाही. या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबतो हा आणखी एक गैरसमज. या डोसमध्ये तसा भरवसा नाही.

‘देवाजवळ जायचं नाही’ हा झाला विचार, रक्तातलं हार्मोनचं प्रमाण ही झाली शरीराची गोष्ट. एकाने दुसऱ्याला हलवलं ते गोळीच्या मार्फत, म्हणून दिसायला सोपं. पण गोळी न घेताही पाळीबद्दलची नजर पाळीचा अनुभव बदलते का? बदलत असेल तर किती? आणि ‘हो’ म्हटलं तर बायकांचं दुखणं खोटं ठरतं का?

आधी शरीरात काय होतं ते बघू

महिनाभर गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होत जातं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपकन खाली येतं आणि अस्तर सुटू लागतं. त्या वेळी तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार करतात. पुढे त्याला ‘कळांचं रसायन’ म्हणू. त्याचं काम गर्भाशयाचा स्नायू आवळायला लावणं. स्नायू आवळला की त्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटतो, आणि कळ येते. जिच्या शरीरात हे रसायन जास्त बनतं, तिला कळा जास्त. थोडं रक्तात मिसळून आतड्यापर्यंत पोचतं, म्हणून पहिल्या दिवशी काहींना मळमळ आणि जुलाबही होतात.

एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलीटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. दिसायला ते बरंच जास्त वाटतं.

आता वेदनाशामक गोळीकडे या. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड कळांचं नवं रसायन बनू देत नाही. आधी बनलेलं मात्र पुसत नाही. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की वॉचमन धावत जाऊन पंप बंद करतो, तरी जिन्यातून उतरलेलं पाणी उतरलेलंच राहतं. पंप आधी बंद करायचा असतो. गोळीचंही तसंच: पहिली कळ आली, किंवा ‘आज येणार’ असं जाणवलं, की लगेच, काहीतरी खाऊन घ्यायची.

आपल्याकडे घेतली जाते कधी? ‘अगदीच सहन होईना झालं तर.’ दुपारी चारला, उपाशीपोटी. तोवर टाकी वाहून गेलेली असते, गोळी लागू पडत नाही, वर ॲसिडिटी होते. मग ठरतं, “मला गोळीही चालत नाही, माझी पाळीच वाईट.” पुढच्या महिन्यात ती आणखी उशिरा घेते. ‘सोसता आलं पाहिजे’ या एका समजुतीने तिचा दिवस वाईट गेला, आणि त्यासाठी मनात काही वेगळं घडायला लागलं नाही. गोळीची वेळ तेवढी चुकली.

नजर मोजतात कशी?

1980 साली जीन ब्रुक्स-गन आणि डायन रुबल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पाळीविषयीची वृत्ती मोजणारी एक प्रश्नावली मांडली. तिचे पाच भाग आहेत. पाळी माणसाला दुबळं करते असं वाटणं, पाळी ही कटकट वाटणं, ती निसर्गाची गोष्ट वाटणं, आधी चाहूल लागते असं वाटणं, आणि पाचवा भाग, ‘काही फरकबिरक पडत नाही, बायका उगाच बाऊ करतात’ असं वाटणं.

हे पाच भाग एका पट्टीवर चांगलं-वाईट असे मांडता येत नाहीत. एकाच बाईला पाळी नैसर्गिकही वाटते आणि विरारहून चर्चगेटला दीड तास उभ्याने जाताना कटकटही वाटते. दोन्ही खरं. आणि पाचवा भाग वरवर आधुनिक दिसतो, पांढरी पँट घालून उड्या मारणाऱ्या जाहिरातीतल्या मुलीसारखा. तो पुरोगामी असेलच असं नाही. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

एक फसवणूक आणि एक डायरी

त्याआधी, 1977 साली, रुबल यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या 44 विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. सगळ्यांची पुढची पाळी सहा-सात दिवसांवर होती. त्यांना सांगितलं, मेंदूचा आलेख काढून पाळीची तारीख ओळखायची नवी पद्धत आली आहे. पद्धत बनावट होती. काहींना सांगितलं, तुमची पाळी एक-दोन दिवसांत येणार. काहींना, अजून आठवडाभर तरी अवकाश आहे. आणि काहींना काहीच सांगितलं नाही. मग प्रश्नावली दिली. ‘आता येणारच’ असं ज्यांना पटलं होतं, त्यांनी अंग सुजणं, दुखणं, खाण्यापिण्यात बदल हे जास्त नोंदवलं. शरीरं साधारण एकाच टप्प्यावर, नोंदी वेगळ्या.

दुसरी गोष्ट आठवणीची. रोजच्या प्रवाशाला विचारा, तुमची 8.17 ची लोकल किती वेळा लेट असते? तो म्हणेल, “रोज!” त्यालाच महिनाभर वहीत लिहायला सांगा, सहा-सात दिवस निघतील. लेट झालेले दिवस लक्षात राहिले, वेळेवर आलेले विसरले. वर ‘आपली लाइनच तशी’ हे मत आधीपासून होतंच. पाळीच्या आठवणींचं असंच होतं, हे 1989 साली मॅकफार्लंड, रॉस आणि डिकूरव्हिल यांच्या अभ्यासात दिसलं. स्त्रियांनी रोज लिहिलेल्या नोंदी आणि नंतर आठवून सांगितलेला त्रास यांत फरक पडला, आणि तो त्यांच्या समजुतीच्या दिशेने झुकलेला होता. ‘पाळीत मूड जातोच’ हे ज्यांना जितकं पक्कं वाटत होतं, त्यांना तो तितका जास्त गेल्याचं आठवलं.

ऑफिसात मंगळवारी भांडण झालं आणि पाळी गुरुवारी आली, तर भांडणाचं खापर पाळीवर फुटतं. पंधरा दिवस आधी तस्संच भांडण झालं होतं, तेव्हा ते बॉसवर फुटलं होतं.

मग दुखणं म्हणजे मनाचे खेळ?

नाही. या संशोधनाचा सगळ्यात मोठा गैरवापर इथेच होतो, म्हणून जरा थांबून बोलू.

प्रवाशाने ‘रोज’ म्हटलं ते चुकीचं; पण त्या सहा दिवशी गाडी लेट होतीच, आणि मस्टरवर लाल शेराही पडला. कळांचं रसायन मोजता येतं. प्रिन्स्टनच्या प्रयोगाने एवढंच दाखवलं की अपेक्षेने नोंद वाढू शकते. सगळी नोंद अपेक्षेतूनच येते, असं तो म्हणत नाही. शिवाय 44 विद्यार्थिनींवरून जगातल्या सगळ्या बायकांबद्दल निकाल देता येत नाही, आणि फसवणुकीचा तो खेळ पाळी यायच्या आधीच्या लक्षणांपुरता होता. पहिल्या दिवशीच्या कळांना तो लावता येत नाही.

दुसरं म्हणजे बाण उलटाही चालतो. जिला दर महिन्याला उलट्या होतात, तिला पाळी दुबळं करणारी वाटणारच. हे मत तिने अनुभवातून बनवलंय. ज्या अभ्यासांत एकाच वेळी वृत्तीही विचारली आणि त्रासही विचारला, त्यांत दोन्ही बरोबरीने वाढलेले दिसले, तरी कोणामुळे कोण हे कळत नाही. दोन्ही एकमेकांना ढकलतात, असं म्हणणं सध्या सगळ्यात प्रामाणिक.

याच कारणासाठी पीएमडीडी या आजाराचं निदान आठवणीवर करत नाहीत. पाळीच्या आधीच्या आठवड्यात रोजचं जगणं अडावं इतकी उदासी, चीड, घालमेल, आणि पाळी आली की ती ओसरणं, असं त्याचं रूप. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या 2013 च्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. निदान पक्कं करायला किमान दोन चक्रांची रोजची नोंद लागते. त्या नोंदीने एकीला समजतं की आपला त्रास महिनाभर पसरलेला आहे, पाळीशी त्याचा संबंध नाही. दुसरीला समजतं की तो घड्याळासारखा त्याच दिवसांत येतो आणि त्यावर औषध आहे.

लोणचं, तुळस आणि व्हिएन्नाची फुलं

‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आलीये’, ‘एमसी’, आणि आता ‘डेट’. पाळीला पाळी न म्हणण्यासाठी मराठीत किती शब्द! ऋषिपंचमीचं व्रत गणेश चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी. पाळीच्या दिवसांत नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून ते सांगितलेलं. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून केलेली ऋषीची भाजी मात्र झकास लागते, ते सोडा.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. 1920 साली व्हिएन्नातले डॉक्टर बेला शिक यांनी पाहिलं की मोलकरणीने हाताळलेली फुलं लवकर सुकली. तिची पाळी चालू होती. त्यावरून पाळीतल्या बाईच्या अंगातून विष बाहेर पडतं, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. पुढची अनेक वर्षं त्यावर वाद चालला. असं विष सिद्ध झालं नाही. आपलं लोणचं नासतं ते ओला चमचा गेला, मीठ कमी पडलं किंवा फोडींवर बोटभर तेल राहिलं नाही म्हणून.

2002 साली अमेरिकेत टोमी-ॲन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. एका तरुणीच्या पर्समधून कधी केसांचा चाप पडायचा, कधी टॅम्पॉन, म्हणजे पाळीत आत घालायचा कापसाचा बोळा. नंतर सोबत असलेल्यांना तिच्याबद्दल विचारलं. टॅम्पॉन पडला तेव्हा ती कमी हुशार ठरली, कमी आवडली, आणि तिच्यापासून जरा लांब बसण्याकडे कल दिसला. बायकांचाही. सोवळं-ओवळं ज्यांनी ऐकलेलंही नाही, त्यांची ही शिवाशिव.

यातून काळी पिशवी कळते. डाग पडेल ही भीती नुसती कपड्याची नसते. आपली किंमत कमी होईल याची ती भीती असते, आणि ती वर्गात, मीटिंगमध्ये, लोकलच्या सीटवरून उठताना लक्ष खाते. जुलै 2025 मध्ये शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना गोळा करून कोणाची पाळी चालू आहे याची तपासणी झाली आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या मुलींना विज्ञानाच्या पुस्तकातल्या धड्याने जे शिकवलं, त्यापेक्षा त्या दिवसाने जास्त शिकवलं असणार.

“पण पूर्वी चार दिवस विश्रांती तरी मिळायची”

हा आक्षेप नेहमी येतो, आणि त्यात तथ्य आहे. पहाटेपासून पाणी-दळण-चूल यांत पिचलेल्या बाईला चार दिवस चुलीपासून सुटका आवडायची, असं अनेक आज्या सांगतात. विश्रांती चांगलीच. प्रश्न तिच्या अटीचा. दमलीस म्हणून बस, असं कोणी म्हणत नव्हतं. शिवू नकोस म्हणून बस, असं म्हणत होते. पाळी नसताना पाठ मोडली तरी सुट्टी नाही, आणि पाळीत धडधाकट असली तरी कोपरा. बीडीडी चाळीच्या 160 चौरस फुटांच्या खोलीत तर तो कोपराही कोठून आणणार? तिथे उरलं ते वेगळं ताट, वेगळी चटई आणि सगळ्या मजल्याला कळलेली तारीख. कपडे धुणं, धान्य निवडणं ही कामं तशीही सुटली नाहीतच.

गडचिरोलीतल्या माडिया-गोंड पाड्यांवर पाळीच्या दिवसांत बायका ज्या कुर्माघरात राहतात, तिथे विंचू-सापाची भीती असते आणि संडास नसतो. मुंबईतल्या एका संस्थेने तिथे पक्की, दिवे-पाणी असलेली घरं बांधून दिली. प्रथा बळकट केली की जीव वाचवले, यावर वाद झाला. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं आहे. पण आज रात्री जिला तिथे झोपायचं आहे, तिच्यासाठी आधी कडी लागणारं दार हवं, असं आम्हाला वाटतं.

सगळ्यात महाग पडणारी नजर

विटाळापेक्षाही जास्त नुकसान करणारी नजर एक आहे, आणि ती अगदी मायेने बोलते: “एवढं तर दुखतंच. मलाही दुखायचं. लग्न झालं की थांबतं.”

हीच ती प्रश्नावलीतली पाचवी. ती आईकडे असते, मैत्रिणीकडे असते, कधी डॉक्टरकडेही. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं. जननक्षम वयातल्या साधारण दहांतल्या एकीला तो असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निदानाला 4 ते 12 वर्षं लागतात. बाई सांगत असते, ऐकणारा म्हणतो ‘एवढं तर’.

‘एवढं’ म्हणजे किती, याची मापं आहेत. पॅड दर तास-दोन तासाला भिजतं, 10 रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात, अंगावरून आठ दिवसांहून जास्त जातं, रात्री पॅड बदलायला उठावं लागतं: हे नेहमीचं नव्हे. गोळी वेळेवर घेऊनही शाळा-कामाला खाडा होतो, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं, दुखणं वर्षागणिक वाढतंय: तपासून घ्यायचं. सोबत हिमोग्लोबिन बघायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. दमणूक पाळीची की रक्ताची, हे एका साध्या तपासणीत कळतं.

याच नजरेचं दुसरं टोक म्हणजे ‘पिशवीच काढून टाका’. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांनी पंचविशी-तिशीत गर्भाशय काढून घेतल्याचं 2019 मध्ये गाजलं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने केलेल्या ऊसतोडीच्या करारात एक खाडा म्हणजे दंड, फडावर संडास नाही, अंगावरून जातंय म्हणून डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार. तिथे बाईच्या मनोवृत्तीबद्दल बोलणं हा क्रूरपणा ठरेल. नजर मुकादमाची आणि दवाखान्याची मोजायला हवी होती.

सुट्टी दिली की शिक्का बसतो का?

बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये वर्षाला 12 दिवस भरपगारी रजेला मंजुरी दिली. उलट, जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की रजा सक्तीची केली तर बायकांना नोकऱ्याच कमी मिळतील. धोरण सरकारने ठरवावं, असं न्यायालयाचं म्हणणं.

दोन्ही भीती खऱ्या आहेत. रजा मागितली तर ‘दुबळी’ हा शिक्का, न मागितली तर ‘काही होत नाही’ हा. आमच्या मते कारण न विचारता देता येणारी जास्तीची आजारी रजा आणि घरून काम ही त्यातल्या त्यात बरी वाट. पण तिचा उपयोग पगारी नोकरीतल्या बाईला. चार घरची धुणीभांडी करणारीला एक साधं शौचालय जास्त उपयोगी. तेही मुंबईत मागावंच लागलं: पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे, याविरुद्ध ‘राइट टू पी’ मोहीम 2011 मध्ये उभी राहिली.

घरात बदलता येण्यासारखं

मुलींवरच्या भारतातल्या अभ्यासांचा 2016 साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात जेमतेम निम्म्या मुलींना पहिल्या पाळीआधी तिची माहिती होती. ब्रुक्स-गन आणि रुबल यांना 1982 च्या अभ्यासात आढळलं होतं की तयारी नसताना पाळी आलेल्या मुलींचा अनुभव जास्त वाईट होता. म्हणून आठव्या-नवव्या वर्षी सांगायला लागा. एका बैठकीत उरकायचा विषय नाही हा. पॅड उघडून चड्डीला लावून दाखवायचं, दर चार ते सहा तासांनी बदलायचं हे सांगायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक चड्डी. आणि वडिलांनाही माहीत आहे, हे तिला माहीत असावं. ‘दुखेल हं खूप’ असं आधीच सांगू नका आणि ‘काही होत नाही’ असंही नको. ‘ओटीपोटात आवळल्यासारखं होईल, झालं तर सांग, उपाय आहेत’ एवढं पुरतं.

उपायांत शेक अगदी खरा आहे. साधारण 39 अंशांचा सलग शेक आयबुप्रोफेनइतका उपयोगी पडल्याचं 2001 च्या एका चाचणीत दिसलं. रबरी पिशवीत उकळतं पाणी भरू नका, आणि कपड्यावरूनच लावा. आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास व्यायामानेही कळा कमी होतात. गोळ्यांबाबत, दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारायचं. आणि मेफेनॅमिक ॲसिड घेतल्यावर ताप, पुरळ, गाठी सुजणं असं काही दिसलं, अगदी काही आठवड्यांनी दिसलं तरी, गोळी बंद करून डॉक्टरकडे. भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये याच प्रतिक्रियेबद्दल इशारा दिला होता.

आणि वही. कॅलेंडरच्या मागच्या पानावरही चालेल. रोज रात्री चार गोष्टी: चक्राचा कितवा दिवस, दुखणं 0 ते 10 मध्ये किती, पॅड किती बदलले, मूड एका शब्दात. गोळी घेतली तर वेळ. पाळी नसलेल्या दिवशीही लिहायचं, खरं तर त्याच दिवशी आवर्जून, नाहीतर तुलना कशाशी करणार? तीन महिन्यांनी ती पानं घेऊन डॉक्टरांसमोर बसायचं. ‘खूप दुखतं हो’ याला ‘एवढं तर’ हे उत्तर तयार असतं. ‘पहिले दोन दिवस 8, सकाळी साडेसातला 400 ची गोळी घेऊनही 6, तीन महिन्यांत पाच खाडे’ यावर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.